खेळ-संगणक, अल्पखर्ची : सुट्या भागांची निवड

व्हिडिओ गेम खेळता यावेत या मुख्य हेतूने, बाजारात सुटे मिळणारे भाग निवडून व एकमेकांस जोडून तयार केलेल्या वैयक्तिक संगणकास खेळ-संगणक किंवा रूढ भाषेत गेमिंग पीसी असे म्हणतात. रचनेच्या दृष्टीने तो कार्यालयातील नेहमीच्या संगणकाहून मूलतः वेगळा नसतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवणीसाठी हार्ड डिस्क वा एसएसडी, वीजपुरवठ्याचा एसएमपीएस आणि हे सर्व सामावून घेणारे कॅबिनेट हे भाग दोहोंत असतातच. पडद्यावरील हलते त्रिमितीय दृश्य सेकंदाला अनेक वेळा नव्याने रेखाटण्यासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसविलेले असणे, हा खेळ-संगणकाचा ठळक विशेष होय [→ संगणक]. पैशाला मर्यादा नसेल, तर निवडीचा प्रश्न फारसा अवघड राहत नाही. मर्यादित रकमेत मात्र एका भागावर जादा खर्चिलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या भागातून कमी होतो आणि वाटणी चुकलेला संगणक महाग असूनही संथ चालतो. सामान्य कुटुंबात अशी खरेदी चार-पाच वर्षांतून एकदाच होत असल्याने ही चूक दुरुस्त करण्याची संधीही लवकर मिळत नाही.

सुटे भाग निरनिराळ्या उत्पादकांचे असूनही एकमेकांस जुळतात, याचे मूळ १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकाच्या खुल्या रचनेत आहे. इतर उत्पादकांनी ती रचना अनुसरली. पुढे १९९५ मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स हे मानक प्रसिद्ध केले व त्यामुळे मदरबोर्डाचा आकार, स्क्रूंच्या जागा आणि वीजजोडणी यांत एकवाक्यता आली. त्रिमितीय रेखाटनासाठी वेगळे कार्ड घरगुती संगणकात बसविण्याची प्रथा १९९६ मधील व्हूडू कार्डापासून रुळली. एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ या कार्डाच्या जाहिरातीत ‘जीपीयू’ ही संज्ञा वापरली व ती सर्वत्र प्रचलित झाली.

दृश्यनिर्मिती व अडसर : पडद्यावरील हालचाल ही चित्रपटाप्रमाणेच एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची, म्हणजे फ्रेमांची, मालिका असते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेम सु. १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. १४४ फ्रेमांसाठी हा अवधी सु. ६.९ मिलिसेकंदच असतो. या अवधीत प्रोसेसर खेळातील पात्रांच्या हालचाली, टकरी, प्रतिस्पर्ध्याचे निर्णय इ. ठरवून काय रेखाटावयाचे याची यादी तयार करतो आणि ग्राफिक्स कार्ड त्या यादीवरून प्रत्येक पिक्सेलचा रंग काढते. दोघांचे काम साधारणतः एकमेकांशी समांतर चालते; त्यामुळे फ्रेमांचा वेग दोहोंपैकी संथ भागावर ठरतो. समजा, एका फ्रेमसाठी प्रोसेसरला १२ व कार्डाला २० मिलिसेकंद लागतात, तर सेकंदाला सु. ५० फ्रेम मिळतील. आता दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवून त्याचा अवधी ६ मिलिसेकंदांवर आणला, तरी फ्रेम ५०च राहतील. खर्च मात्र वाढलेला असेल.

यावरून निवडीची सुरुवात भागांपासून नव्हे, तर खेळ आणि पडदा यांपासून करावी लागते. १,९२० × १,०८० पिक्सेलांच्या पडद्यावर सु. २०.७ लाख पिक्सेल असतात, २,५६० × १,४४० च्या पडद्यावर ते ३६.९ लाख होतात आणि ३,८४० × २,१६० मध्ये ८२.९ लाखांपर्यंत जातात. पिक्सेल वाढले की कार्डाचे काम वाढते. प्रोसेसरचे जवळजवळ तेवढेच राहते. अल्पखर्ची संगणकास पहिल्या प्रकारचा पडदा योग्य होय. काउंटर-स्ट्राइक २ (२०२३) किंवा व्हॅलोरंट (२०२०) यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत दृश्य तुलनेने साधे असते व खेळाडूस सेकंदाला शंभरावर फ्रेम हव्या असतात. तेथे प्रोसेसर अडसर ठरतो. उलट सायबरपंक २०७७ (२०२०) किंवा ॲलन वेक २ (२०२३) यांसारख्या कथाप्रधान खेळांत प्रकाश व छाया यांचा तपशील अफाट असल्याने कार्ड अडसर बनते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला राजी : ॲन एन्शंट एपिक हा खेळ या दोन टोकांच्या मधला मानता येईल. ‘सर्व खेळ चालतील असा संगणक’ ही मागणी दुकानात नेहमी ऐकू येते. तिला नेमका अर्थ नसतो आणि विक्रेत्यास तो आपल्या सोयीने लावता येतो.

ग्राफिक्स कार्ड : पडदा सोडून उरलेल्या रकमेपैकी सु. ३५ ते ४५ टक्के रक्कम या एका भागावर जाणे इष्ट ठरते. कार्डाची ताकद त्यातील गणन-घटकांची संख्या, त्यांचा वेग, कार्डावरील स्वतंत्र स्मृती व त्या स्मृतीकडे ये-जा करण्याच्या मार्गाची रुंदी यांवर अवलंबून असते. विक्रीच्या वेळी मात्र यांपैकी स्मृतीचा आकडाच तेवढा पुढे केला जातो, कारण तो सहज समजतो. जीटी ७३० हे २०१४ मधील कार्ड चार गिगाबाइट स्मृतीसह विकले गेले व ‘चार जीबीचे ग्राफिक्स कार्ड’ या नावाने अनेक तयार संगणकांत बसविले गेले. त्याची गणनशक्ती इतकी तोकडी आहे की, ती स्मृती भरून वापरण्याची वेळ येण्यापूर्वीच खेळ अडखळू लागतो.

नामसाम्य हा दुसरा सापळा होय. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ स्मृतीसह आले. २०१८ मध्ये तेच नाव कायम ठेवून साधी डीडीआर४ स्मृती असलेला प्रकार विक्रीस आला. पहिल्याची स्मृती सेकंदाला ४८ गिगाबाइट माहिती पुरवू शकते, तर दुसऱ्याची १६.८ गिगाबाइटच. आरटीएक्स ३०५० या कार्डाचा २०२२ मधील आठ गिगाबाइटचा प्रकार व २०२४ मधील सहा गिगाबाइटचा प्रकार यांत केवळ स्मृतीचा फरक आहे, असे नावावरून वाटते. प्रत्यक्षात गणन-घटक २,५६० वरून २,३०४ वर आणि स्मृतिमार्ग १२८ बिटांवरून ९६ बिटांवर आलेला आहे. तथापि दुसरा प्रकार सर्वस्वी त्याज्य नव्हे. तो ७० वॉटमध्ये चालतो व त्यास एसएमपीएसकडून वेगळी वीजजोडणी लागत नाही, त्यामुळे जुन्या कार्यालयीन संगणकात बसविण्यास तो सोयीचा पडतो. रॅडिऑन आरएक्स ५८० च्या बाबतीतही २,३०४ व २,०४८ गणन-घटकांचे दोन प्रकार एकाच नावाखाली विकले जातात.

रॅडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी (२०२२) हे कार्ड वेगळ्या कारणासाठी अभ्यसनीय आहे. त्यात चारच गिगाबाइट स्मृती असून मदरबोर्डाशी ते पीसीआय एक्स्प्रेसच्या केवळ चार मार्गिकांनी जोडले जाते. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर हे निभावते. परंतु अल्पखर्ची ग्राहकाकडे बहुधा तिसऱ्या पिढीचा जुना मदरबोर्ड असतो आणि तेथे मार्गिकेचा वेग निम्मा होऊन, स्मृती अपुरी पडताच फ्रेमांचा वेग लक्षणीय घसरतो. म्हणजे हे कार्ड ज्याच्यासाठी बनविले, त्याच्याच घरी ते सर्वांत कमी उपयोगी पडते.

कार्डावर किमान आठ गिगाबाइट स्मृती असावी, हे मत २०२३ नंतर सर्वमान्य झाले. त्या वर्षी संगणकावर आलेल्या द लास्ट ऑफ अस, भाग १ यासारख्या खेळांनी उच्च प्रतीच्या दृश्यासाठी आठ गिगाबाइटसुद्धा अपुरे ठरू शकतात, हे दाखवून दिले. आठ गिगाबाइटचे व १३२ वॉटमध्ये चालणारे रॅडिऑन आरएक्स ६६०० (२०२१) हे दीर्घकाळ अल्पखर्ची जुळणीचे प्रमाण-कार्ड मानले गेले. बारा गिगाबाइट स्मृती असलेले आरटीएक्स ३०६० (२०२१) त्याहून थोडे सरस, पण बहुधा महाग पडले. इंटेलचे आर्क बी५८० (डिसेंबर २०२४) हे बारा गिगाबाइटचे कार्ड किमतीच्या मानाने समर्थ आहे. मात्र त्यासाठी मदरबोर्डावर रिसायझेबल बार ही सुविधा चालू असावी लागते, आणि दुबळ्या किंवा जुन्या प्रोसेसरसोबत ते अपेक्षेहून मागे पडते, असे २०२५ च्या आरंभीच्या चाचण्यांत दिसून आले. स्वस्त कार्ड जुन्या संगणकात घालण्याचा विचार असेल, तर नेमकी हीच बाब आड येते.

ताकदीबरोबर कार्डाच्या अंगची साधनेही पाहावी लागतात. जीटीएक्स १०८० टीआय हे २०१७ मधील बलाढ्य कार्ड जुन्या बाजारात स्वस्त मिळते. परंतु प्रकाशकिरणांचा माग काढणारी, म्हणजे रे ट्रेसिंगची, यंत्रणा त्यात नाही आणि इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल (२०२४) किंवा डूम : द डार्क एजेस (२०२५) हे खेळ त्या यंत्रणेशिवाय चालतच नाहीत. त्या पिढीच्या कार्डांसाठी खेळागणिक नव्याने निघणारे ड्रायव्हरही २०२५ मध्ये थांबविण्यात आले. याउलट कमी पिक्सेलांचे दृश्य रेखाटून ते मोठे करून दाखविणाऱ्या डीएलएसएस, एफएसआर इ. तंत्रांमुळे मध्यम कार्डाचे आयुष्य वाढते. ही तंत्रे मूळ दृश्याची संपूर्ण जागा घेत नाहीत. कमी पिक्सेलांच्या पडद्यावर त्यांचे दोष अधिक जाणवतात.

प्रोसेसर : अल्पखर्ची जुळणीत सहा गाभे, म्हणजे कोअर, असलेला मध्यम प्रोसेसर पुरेसा होतो. एएमडीचा रायझेन ५ ५६०० (२०२२) व इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ (२०२२) ही याची ठळक उदाहरणे होत. चार गाभ्यांचा आय३-१२१००एफ स्पर्धात्मक खेळांना अजूनही चालतो, परंतु नव्या मोठ्या खेळांत तो अधूनमधून अडखळतो. सरासरी फ्रेम चांगल्या दिसूनही खेळणाऱ्यास हिसके जाणवतात. इंटेलच्या नावातील ‘एफ’ हे अक्षर प्रोसेसरमध्ये अंगभूत दृश्ययंत्रणा नसल्याचे दर्शविते. असा प्रोसेसर काहीसा स्वस्त असतो, पण ग्राफिक्स कार्ड बिघडल्यास संगणक पूर्णपणे आंधळा होतो. दुरुस्ती-केंद्रापासून दूर, तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने ही बचत विचारपूर्वक करावी. रायझेन ५ ५५०० हा ५६०० चा धाकटा भाऊ वाटला, तरी त्याची अंतर्गत स्मृती १६ मेगाबाइट, म्हणजे निम्मी, असून तो पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीपुरताच मर्यादित आहे.

प्रोसेसरची पिढी त्याच्या मालिकेच्या नावापेक्षा महत्त्वाची असते. ‘आय७, सोळा जीबी, गेमिंग’ अशी पाटी लावून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा स्वस्त संगणकांत २०११–१२ मधील दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीचा वापरलेला आय७ प्रोसेसर, त्यासाठी नव्याने बनविलेला एच६१ प्रकारचा मदरबोर्ड आणि वर उल्लेखिलेले जीटी ७३० कार्ड असते. यापेक्षा नवा आय३ सर्व बाबतींत सरस ठरतो. अशा जुन्या संगणकास आणखीही एक मर्यादा आहे : विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, विंडोज ११ या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळण्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक असते.

कार्ड घेण्याइतकी रक्कमच नसेल, तर अंगभूत दृश्ययंत्रणा समर्थ असलेला रायझेन ५ ५६००जी (२०२१) किंवा ८६००जी (२०२४) यासारखा प्रोसेसर घेऊन काम सुरू करता येते आणि कार्ड सवडीने बसविता येते. निकृष्ट कार्ड आज घेण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा आहे.

मदरबोर्ड व रॅम : मदरबोर्ड फ्रेमांचा वेग वाढवीत नाही, तो केवळ अडथळा न होणे अपेक्षित असते. म्हणून येथे काटकसर योग्य ठरते, मात्र प्रोसेसरला वीज पुरविणाऱ्या भागावर धातूचे उष्णताशोषक असावेत, रॅमसाठी शक्यतो चार खाचा असाव्यात आणि नव्या प्रोसेसरसाठी आवश्यक ती बायॉस आवृत्ती दुकानातच चढवून घ्यावी. सॉकेटचे आयुष्य हा येथील खरा विचार होय. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आले आणि २०१७ मधील कित्येक मदरबोर्डांवर बायॉस बदलून २०२२ मधील रायझेन ७ ५८००एक्स३डी बसविता आला. पाच वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून संगणक तरुण करण्याची ही सोय दुर्मिळ होय. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटला डीडीआर५ रॅमच लागते.

रॅम सोळा गिगाबाइट असावी व ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती पुरवते, दोन पट्ट्या दोन वेगळ्या मार्गांनी ५१.२ गिगाबाइट. अंगभूत दृश्ययंत्रणा स्वतःची स्मृती नसल्याने याच रॅमवर अवलंबून असते. तिच्या बाबतीत एक पट्टी की दोन, हा फरक खेळ चालतो की नाही इतका मोठा असतो. ‘पुढे वाढवू’ म्हणून सोळाची एकच पट्टी घेण्याचा मोह त्यामुळे टाळावा. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या गणनकेंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव काही महिन्यांतच दुपटीहून अधिक झाले. पूर्वी जुळणीतील क्षुल्लक मानली जाणारी ही बाब त्यामुळे खर्चाच्या गणितात वर सरकली.

साठवण : हार्ड डिस्कवरून खेळ सुरू होण्यास लागणारा वेळ एसएसडीमुळे कित्येक पटींनी कमी होतो आणि स्टारफील्ड (२०२३), बाल्डर्स गेट ३ (२०२३) अशा खेळांनी एसएसडी ही अटच घातलेली आहे. साटा एसएसडी सेकंदाला सु. ५५० मेगाबाइट माहिती वाचते, तर एनव्हीएमई प्रकारची याच्या अनेक पट. तरीही बहुसंख्य खेळांत या दोहोंतील फरक काही सेकंदांपलीकडे जात नाही. आकारमानाचा विचार अधिक निकडीचा आहे. बाल्डर्स गेट ३ ला सु. १५० गिगाबाइट जागा लागते, हे लक्षात घेता २५६ गिगाबाइटची एसएसडी ही खोटी बचत ठरते.

एसएमपीएस : घरातील २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विद्युत् दाबाचे १२, ५ व ३.३ व्होल्ट या एकदिश दाबांत रूपांतर करणारा हा भाग होय. तो खेळ वेगवान करीत नाही, पेटीत दिसत नाही आणि शोभेचा नसतो; म्हणूनच पैसे कमी पडले की ग्राहक व विक्रेता दोघेही प्रथम त्यालाच कात्री लावतात. वस्तुतः संगणकातील हा एकच भाग असा आहे की, जो बिघडताना इतरांना सोबत नेऊ शकतो.

आवश्यक शक्तीचा हिशेब सोपा आहे. आरएक्स ६६०० साठी १३२ वॉट, सहा गाभ्यांच्या प्रोसेसरसाठी ९० वॉट, बाकी भागांसाठी ५० वॉट धरले, तर बेरीज २७२ वॉट होते. कार्डाची मागणी क्षणमात्र बरीच उसळत असल्याने व एसएमपीएस अर्ध्या भाराच्या आसपास सर्वांत कार्यक्षम असल्याने ५०० ते ५५० वॉटचा घ्यावा. पुष्कळ स्वस्त कॅबिनेटांबरोबर ‘४५० वॉट’ अशी चिकटपट्टी लावलेला एसएमपीएस फुकट मिळतो. त्या पट्टीवरील मोठा आकडा न पाहता १२ व्होल्टच्या पुढचा प्रवाह पाहावा : तेथे १८ अँपिअर लिहिले असेल, तर १२ × १८ = २१६ वॉट एवढीच शक्ती कार्डास व प्रोसेसरला मिळू शकते; वरील संगणकाचा पूर्ण भार तो पेलणार नाही. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर हा प्रवाह सु. ४५ अँपिअर असतो. ‘८० प्लस’ ही २००४ पासूनची खूण केवळ कार्यक्षमता सांगते. अतिदाब, अतिप्रवाह व लघुमंडल यांपासूनचे संरक्षण आहे किंवा नाही, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

भारतीय घरांतील वीजव्यवस्थेमुळे आणखी दोन गोष्टींची भर पडते. चौकोनी तरंग देणाऱ्या साध्या इन्व्हर्टरवर काही आधुनिक एसएमपीएस नीट चालत नाहीत. वीज गेली की इन्व्हर्टर सुरू असूनही संगणक बंद पडतो. अशा घरी ज्या तरंगाची वीज साइन स्वरूपाची आहे असा यूपीएस किंवा इन्व्हर्टर घेणे प्राप्त होते. दुसरी गोष्ट भूयोजनाची, म्हणजे अर्थिंगची. ती नसल्यास एसएमपीएसमधील गाळणी-धारित्रांमुळे कॅबिनेटच्या धातूवर मुख्य दाबाच्या जवळपास निम्मा दाब येतो व हात लावताच झिणझिण्या येतात. हा ‘संगणकाचा दोष’ समजून अनेक चांगले एसएमपीएस परत केले जातात. दोष भिंतीतील जोडणीत असतो.

कॅबिनेट व उष्णता : पुढील बाजूस जाळी असलेले, दोन ते तीन पंख्यांचे साधे कॅबिनेट पुरते. समोर संपूर्ण काच व आत रंगीत दिवे असलेली कॅबिनेटे लोकप्रिय आहेत. हवा आत येण्यास जागा नसेल, तर त्या दिव्यांच्या पैशातून उष्णताच विकत घेतली जाते. भागाचे तापमान हे खोलीचे तापमान अधिक त्या भागाची वाढ, असे असते. २५° से. खोलीत ७०° पर्यंत तापणारा प्रोसेसर ४२° च्या खोलीत ८७° च्या घरात जातो आणि बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा ९० ते १००° असल्याने तो स्वतःहून वेग कमी करू लागतो. परदेशी चाचण्या बहुधा वातानुकूलित खोलीत घेतल्या जातात, हे विदर्भ-मराठवाड्यातील ग्राहकाने ध्यानी ठेवावे. कोकण किनाऱ्यावर उष्णतेपेक्षा दमट खारी हवा व तिने गंजणारी संपर्कस्थाने अधिक त्रास देतात.

खर्चाची वाटणी : भाव सतत बदलत असल्याने नेमक्या किमतींपेक्षा प्रमाण उपयोगी पडते. पडदा, कीबोर्ड इ. वगळून ६०,००० रु. उपलब्ध आहेत असे मानल्यास कार्डास २४,०००, प्रोसेसरला १०,५००, मदरबोर्डाला ८,०००, रॅमला ६,०००, एसएसडीला ४,५००, एसएमपीएसला ४,००० व कॅबिनेटला ३,००० रु. अशी मोघम वाटणी करता येईल. केवळ स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्याने कार्डातून चार-पाच हजार काढून प्रोसेसर व १४४ हर्ट्‌झचा पडदा यांकडे वळविणे योग्य. ६० हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला १५० फ्रेम देणाऱ्या संगणकालाही ६० फ्रेमच दाखवू देतो. रॅमचे भाव चढे असताना एएम५ ऐवजी एएम४ ची निवड केल्यास हातची जुनी डीडीआर४ पट्टी कामी येऊ शकते.

बाजार व जुने भाग : मुंबईतील लॅमिंग्टन मार्ग (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), पुण्यातील तपकीर गल्ली, दिल्लीतील नेहरू प्लेस व बंगळूरमधील एस. पी. रोड या सुट्या भागांच्या मोठ्या बाजारपेठा होत. या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो. ‘बिलाशिवाय स्वस्त’ ही सवलत प्रत्यक्षात हमीची किंमत असते, कारण उत्पादकाकडे दाद मागताना बिल लागते. पेटीबंद प्रोसेसरला सामान्यतः उत्पादकाची तीन वर्षांची हमी असते. ट्रेमधून सुटा दिलेल्या प्रोसेसरला बहुधा विक्रेत्याचीच व त्याहून कमी मुदतीची.

वापरलेले ग्राफिक्स कार्ड हा अल्पखर्ची जुळणीतील सर्वांत मोठा लाभ व सर्वांत मोठा धोका होय. २०२० ते २०२२ या काळात इथिरियम या आभासी चलनाच्या निर्मितीसाठी कार्डे रात्रंदिवस राबविली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलल्यावर ही कार्डे मोठ्या प्रमाणावर जुन्या बाजारात आली. सतत एकाच भारावर चाललेल्या कार्डातील चिप सहसा खराब होत नाही. पंख्यांचे बेअरिंग, उष्णतावाहक लेप व स्मृतिचिपांवरील पट्ट्या मात्र झिजतात आणि त्या बदलता येतात. याहून गंभीर प्रकार म्हणजे जुन्या कार्डातील बायॉस बदलून ते नव्या नावाने दाखविणे. जीपीयू-झेड या मोफत आज्ञावलीत २०१८ पासून अशी एनव्हिडिया कार्डे ओळखण्याची सोय आहे. जुने कार्ड विक्रेत्यासमोर किमान वीस मिनिटे पूर्ण भारावर चालवून, तापमान व पडद्यावरील ठिपके पाहून मगच पैसे द्यावेत. ज्याला हे मान्य नाही, त्याचे कार्ड कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. रॅम, प्रोसेसर व कॅबिनेट जुने घेण्यास हरकत नाही. एसएमपीएस जुना घेऊ नये.

कार्यालयांतून काढलेला तयार संगणक घेऊन त्यात कार्ड बसविणे हा आणखी स्वस्त मार्ग होय. त्यातील एसएमपीएस बहुधा त्या उत्पादकाच्या खास आकाराचा व कमी शक्तीचा असतो, आणि कॅबिनेट अरुंद असल्यास अर्ध्या उंचीचेच कार्ड बसते. ही मोजमापे खरेदीपूर्वी घ्यावीत. आठव्या पिढीपूर्वीचा इंटेल प्रोसेसर असलेला संगणक विंडोज ११ मुळे टाळावा.

जुळणी व चाचणी : जुळणी झाल्यावर संगणक अपेक्षेहून संथ वाटल्यास भाग बदलण्यापूर्वी तीन साध्या गोष्टी तपासाव्यात. पडद्याची केबल मदरबोर्डाऐवजी ग्राफिक्स कार्डास जोडलेली आहे काय. अंगभूत दृश्ययंत्रणा असलेल्या संगणकात ही चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करून रॅम तिच्या लिखित वेगाने चालविली आहे काय. एरवी ३२०० ची पट्टी बहुधा २१३३ ते २६६६ या वेगानेच चालते. आणि विंडोजमध्ये पडद्याचा ताजेपणाचा दर ६० ऐवजी १४४ हर्ट्‌झ निवडला आहे काय. त्यानंतर एखादा अवघड खेळ अर्धा तास चालवून प्रोसेसर व कार्ड यांची तापमाने नोंदवावीत आणि कार्ड ९५ टक्क्यांहून अधिक वापरात आहे की प्रोसेसरची वाट पाहत आहे, हे पाहावे. ही नोंद मे महिन्यात पुन्हा घेतली असता कॅबिनेटमधील हवेची सोय पुरेशी आहे किंवा नाही, ते कळते. धूळ साचून जाळी बुजल्यानेही तापमान वाढत असल्याने दर दोन-तीन महिन्यांनी ती मऊ कुंचल्याने, वीज बंद करून, साफ करावी.